तलाई गळू नये म्हणून

आमच्या दूधवाल्याकडे तीन म्हशी होत्या आणि तिघींचे पिणे, धुणे, वैरण एकाच विहिरीवर चालत असे. विहिरीला पाणी आहे तोवर म्हशी आहेत आणि म्हशी आहेत तोवर आपण आपल्या अंगणात उभे आहोत, असे तो म्हणायचा. त्याचा धाकटा भाऊ एका गोदामावर पहारेकरी होता. दिवसभर दुसऱ्याच्या दाराशी उभे राहायचे, हे काम दूधवाल्याला मनापासून नावडत असे. भावाची शिट्टी तो आमच्या दारात तोंडाने वाजवून दाखवायचा आणि स्वतःच हसायचा.

माझी बायको बँकेत अधिकारी आहे. तिची बदली जयपूरला झाली तेव्हा मी वर्तमानपत्राची नोकरी सोडून तिच्याबरोबर आलो. दुसऱ्यांच्या बातम्यांतली विशेषणे कापणे हे माझे तोवरचे काम होते. जवाहर नगरात भाड्याचे घर मिळाले. दूधवाला आग्रा रोडने, बस्सीच्या अलीकडच्या एका गावातून, मोटारसायकलला दोन्ही बाजूंनी कॅन लटकवून यायचा. चाळिशीचा, उंच, डोक्याला गमछा. बायकोला ‘मैडम जी’ म्हणायचा, मला ‘भाईसाब’. बोलायचा हिंदीत, त्यात गावाकडची बोली मिसळून. इथे त्याचे बोलणे मराठीत देतो आहे. काही शब्द तसेच ठेवले आहेत.

त्याच्या गावाबाहेर एक तलाई होती. गावतळ्याला तिकडे तलाई म्हणतात. भोवतालच्या माळाचा उतार सगळा तिच्याकडे. चौमाशात ती भरायची, दिवाळीनंतर हळूहळू उतरत होळीच्या आसपास चिखल उरायचा. त्या चिखलात गावच्या म्हशी लोळायच्या. तलाईच्या पाळीला लागूनच खालच्या अंगाला दूधवाल्याची विहीर होती, आजोबांनी खणलेली.

गावाच्या अंगावरून एक नवा रुंद रस्ता गेला. तो एका मोठ्या बांधकाम कंपनीने बांधला. रस्त्यासाठी खेजड्याची झाडे गेली, माळावरची माती भरावाला गेली. अशा कंपन्या आता नुसता रस्ता बांधून थांबत नाहीत. रस्त्याच्या कडेला त्यांना पर्यावरण आणि समाज यांचेही काहीतरी करून दाखवायचे असते, आणि ते दरवर्षी छापून काढायचे असते. या कंपनीने तलाई दत्तक घेतली. दत्तक हा शब्द कंपनीचा. तलाईचे आईबाप कुणी विचारले नाहीत.

काम पाहणारा इंजिनिअर मराठी होता, सांगलीकडचा. रस्ता त्यानेच उभा केला होता. रस्ता संपला तेव्हा वरच्यांनी त्याला पर्यावरणाचा विभाग दिला. पस्तिशीतला, कष्टाळू, नम्र माणूस. जयपूरच्या आमच्या मराठी मंडळात यायचा, खुर्च्या मांडायचा, पंगतीला वाढायचा. मला काका म्हणायचा. मंडळ म्हणजे बहुतेक बदलीवर आलेली कुटुंबे: बँकेतली, विम्यातली, केंद्र सरकारच्या कचेऱ्यांतली, काही छावणीतली. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले एक साताऱ्याचे गृहस्थ सचिव होते. ते जयपूरलाच घर बांधून राहिले होते आणि मंडळ तुकडीसारखे चालवायचे. मंडळाला दरवर्षी एकच पेच पडायचा, गणपतीचे विसर्जन कुठे करायचे. आदल्या वर्षी सभागृहाच्या मागे प्लॅस्टिकच्या टाकीत केले होते. सुभेदारांना ते फार लागले होते.

“बाप्पाला टाकीत घातला,” ते म्हणायचे, “सिंटेक्सच्या. झाकण लावून.”

इंजिनिअरने तलाई सुचवली. उन्हाळ्यात काम पुरे होत आले तेव्हा तो आम्हा चौघापाचांना दाखवायला घेऊन गेला.

“काका, ही तलाई गळत होती,” त्याने सांगितले. “दरवर्षी होळीला कोरडी. इतकी वर्षं कुणी लीकेज बघितलंच नाही. आम्ही गाळ काढला, तळ रोलरनं दाबला, वर जाड प्लॅस्टिकची शीट, तिच्यावर मातीचा थर. कडेला दगडी पिचिंग. आता एक थेंब खाली जाणार नाही.”

बोलताना तो बुटाच्या टाचेने जमीन ठोकून दाखवत होता. रस्ता बांधणाऱ्याला पाण्याची एकच भीती असते, ते पोटात शिरण्याची. रस्त्याच्या पोटात पाणी शिरले की रस्ता खचतो. त्याने सगळे आयुष्य पाणी जमिनीत जाऊ न देण्यात घालवले होते आणि त्यात तो निष्णात होता. तलाई त्याने रस्त्यासारखीच बांधली. घाटाच्या पायऱ्या होत्या, स्टीलचे कठडे होते, मधोमध कारंजे होते. तलाईच्या कोपऱ्यात नवी बोअर मारून तिच्यावर सौर पंप बसवला होता. विजेचे बिल नाही, धूर नाही. सुभेदारांनी पंपाला हात जोडले.

गावही खूश होते. हे नोंदवले पाहिजे, कारण नंतर प्रत्येकाला आपण आधीच विरोधात होतो असे आठवू लागले. दूधवाला उद्‌घाटनाच्या दिवशी आमच्या घरी लाडू घेऊन आला.

“पक्की हो गई, भाईसाब,” तो म्हणाला. “आमची तलाई आता सिविल लाइंससारखी झाली. मंत्र्यानं यावं आणि पाय धुवावेत.”

त्याने कंपनीकडे एकच गोष्ट मागितली होती, म्हशींना उतरायला एका बाजूला उतार. हो म्हणाले होते. मग उताराच्या जागी फाटक आले आणि फाटकावर पाटी आली: जनावरांना आत आणण्यास मनाई. खुरांनी शीट फाटली असती.

त्या वर्षी पाऊस बरा झाला. तलाई काठोकाठ भरली. अनंत चतुर्दशीला आम्ही बसने गेलो. ढोल होता, दोन बायकांनी नऊवारी नेसली होती, छावणीतली मुले हिंदीतून आरती वाचत होती. इंजिनिअर कमरेभर पाण्यात उभा राहून एकेक मूर्ती हातात घेत होता. पाणी इतके स्वच्छ होते की बुडालेला गणपती खाली बसलेला दिसत होता. कंपनीचा छायाचित्रकार आला होता. दूधवाला गावकऱ्यांत उभा राहून आम्हाला हात करत होता.

माघ लागला तशी दुधाची तक्रार सुरू झाली. तो उशिरा येऊ लागला. आधी दोन्ही बाजूंना कॅन असायचे, आता एकाच बाजूला. एका सकाळी बायकोने पातेले तिरके करून पाहिले.

“भैया, पाणी घालायला लागलात का?”

“मैडम जी,” तो म्हणाला, “घालायला पाणी तरी कुठंय?”

तो हसला, पण गमछ्याने तोंड पुसत राहिला. मग सांगितले. विहीर उतरली होती. दरवर्षी जेठात जिथे पाणी जायचे तिथे ते आताच गेले होते. एक म्हैस आटली होती. बाकीच्या दोघींना पुरेसे पाणी मिळत नव्हते, म्हणून दूध घटले होते. हिरवा चारा जळून गेला होता. धुवायला पाणी नव्हते, तेव्हा म्हशींच्या अंगावर शेणाचे पापुद्रे चढले होते.

मी त्याच्याबरोबर गेलो. विहिरीच्या काठावर उभे राहिले की डावीकडे तलाई दिसत होती. निम्म्याहून जास्त भरलेली. होळी तोंडावर आली होती आणि तलाईत पाणी होते, गावाच्या आठवणीत पहिल्यांदा. कारंजे चालू होते. वाऱ्याने त्याचे तुषार पाळीवरून इकडे यायचे आणि अंगावर पडायच्या आधी हवेत विरून जायचे. विहिरीत वाकून पाहिले तर तळाशी कबुतराची पिसे आणि एक चप्पल दिसत होती. मध्ये फक्त पाळ होती. तीन म्हशी फाटकाला नाक लावून उभ्या होत्या.

“सकाळी सोडल्या की सरळ इथं येतात,” दूधवाला म्हणाला. “त्यांना वाचता येत नाही ना.”

मी काय झाले असावे ते विचारले. त्याने पाळीकडे बोट केले.

“पूर्वी तलाई उतरायची तेव्हा ती कुठं उतरत होती, हे आम्ही कधी बघितलंच नाही, भाईसाब. विहिरीला पाणी असायचं. असतं, एवढंच माहीत.”

त्या रविवारी मी इंजिनिअरला घेऊन आलो. त्याने नुकतीच नवी पांढरी पँट घातली होती, तरी तो विहिरीच्या काठावर पालथा झोपला आणि आत पाहत राहिला. उठला तेव्हा पँटचे गुडघे मातीने माखले होते. ते त्याने झटकले नाहीत.

“हे माझ्या लक्षात यायला पाहिजे होतं, काका.”

“आता काय करता येईल?”

“सोपं आहे. तळाची शीट चार ठिकाणी कापायची. पाणी जाईल खाली.” तो हळू बोलत होता, जरी जवळपास दूधवाल्याशिवाय कुणी नव्हते. “फक्त पाहणी होऊ दे. दिल्लीहून लोक येणार आहेत, पुरस्कारासाठी. ऐन उन्हाळ्यात तलाई भरलेली दाखवायचीय, तोच मुद्दा आहे. ते गेले की मी स्वतः कापतो.”

दूधवाल्याला त्याने हिंदीत तेच सांगितले आणि त्याचा हात हातात घेतला. दूधवाल्याने मान डोलावली. जेठापर्यंत म्हशी कशा तरी जगवायच्या, एवढेच त्याला आता करायचे होते. त्याने टँकर मागवले. पत्नीचे माहेर शेजारच्या गावात होते, तिथून बैलगाडीवर पिंप आणले. आटलेली म्हैस सासऱ्याकडे ठेवली.

उन्हाळा चढला. तलाईचे पाणी उन्हाने उडू लागले तसा सौर पंप दिवसभर चालू लागला. ऊन जितके कडक तितका पंप जोरात. जमिनीखालचे पाणी वर येत होते, प्लॅस्टिकवर पसरत होते, कारंज्यातून लूमध्ये, तापल्या वाऱ्यात, उडत होते. आधी तलाई विहिरीला पाणी द्यायची. आता विहिरीचे पाणी तलाईला जात होते. आणि या सगळ्यावर कुठे धुराचा डाग नव्हता. किळस हा शब्द मी दुसऱ्याच्या बातमीत कधी राहू दिला नाही. इथे त्याच्याऐवजी ठेवायला दुसरा सापडत नाही.

पाहणीला मंडळाला बोलावणे आले. शामियान्यावरच्या कापडी फलकावर गावकऱ्यांच्या आणि आमच्या बसण्याच्या जागी एकच शब्द होता: लाभार्थी. सुभेदार कोट घालून आले होते.

“काय पत्रकारसाहेब, तोंड का असं? लाभार्थी आहोत आपण. हसा.”

आदल्या दिवशी इंजिनिअर दूधवाल्याच्या घरी जाऊन आला होता. पाहणीचे लोक गुराढोरांबद्दल विचारतात, उद्या म्हशी पाण्यात सोडा, असे सांगून. दूधवाल्याने पाटीचे काय म्हणून विचारले. पाटी उद्यापुरती काढू, असे उत्तर मिळाले. सकाळी मी पोचलो तेव्हा ती तलाईच्या पहारेकऱ्याच्या खोलीमागे, भिंतीकडे तोंड करून उभी केली होती.

म्हशी आल्या. दोनच. फाटक उघडे पाहून त्या क्षणभर थबकल्या, आणि मग धावल्या. म्हैस धावताना फार वेळा पाहायला मिळत नाही. पाण्यात शिरून त्या गळ्यापर्यंत बुडाल्या, डोळे मिटले, नाकपुड्या तेवढ्या वर. पाठीवरचे महिनोन्‌महिन्यांचे शेण सुटून तरंगू लागले. दूधवाला काठावर उकिडवा बसून हाताने पाणी त्यांच्या अंगावर उडवत होता. त्याच्या चेहऱ्यावर जे होते ते खरे होते आणि कंपनीचा छायाचित्रकार त्याचे फोटो काढत होता.

दिल्लीच्या बाईंनी विचारले, “ये रोज़ आती हैं?”

दूधवाल्याने इंजिनिअरकडे पाहिले. “आती तो रोज़ हैं, जी,” तो म्हणाला.

ते खोटे नव्हते. फाटकापर्यंत त्या रोज येत होत्या.

सुभेदारांनी विसर्जनाबद्दल भाषण केले. एका शाळकरी मुलीने पाणी वाचवण्यावर कविता म्हटली आणि तिच्यामागे कारंजे उडत होते. सरबताचे पेले टाकायला हिरवी आणि निळी अशा दोन बादल्या होत्या. पाहुण्यांच्या गाड्या निघाल्यावर दोन्ही बादल्या एकाच ट्रॉलीत उलट्या झाल्या. मग म्हशींना बाहेर काढायची वेळ आली. त्या निघेनात. पहारेकऱ्याने काठी आपटली, शिट्टी वाजवली, इंजिनिअरने टाळ्या वाजवल्या. म्हशींनी कानही हलवला नाही.

“तुम्ही बोलावलंत, साब,” दूधवाला काठावरून म्हणाला. “आता पाहुण्या आहेत तुमच्या. जेवायला घाला.”

संध्याकाळी धारेच्या वेळेला त्या आपणहून उठल्या आणि घराकडे चालू लागल्या. जाताना त्यांनी तळाची माती पार उपसून ठेवली होती. पाटी परत फाटकावर लागली.

दोनतीन दिवसांनी दूधवाला दारात आला तो दूध न मापताच बोलू लागला.

“पानी आ गया, भाईसाब!”

विहिरीत ओल आली होती. आधी तळाचा दगड काळा पडला, मग चपलेच्या भोवती पाणी दिसले, मग चप्पल तरंगली. त्याने ती चप्पल दोरीला आकडा बांधून बाहेर काढली होती आणि ती आपल्या काकांची निघाली, असे सांगताना त्याला हसू आवरत नव्हते. सासऱ्याकडून म्हैस परत आणणार होता. इंजिनिअर साहेबांनी शब्द पाळला, असे तो म्हणाला. बायकोने त्याला चहा दिला. तो कधी आत येऊन बसत नसे, त्या दिवशी बसला.

मी इंजिनिअरला आभाराचा फोन केला. त्याला काहीच माहीत नव्हते. त्याने शीट कापली नव्हती.

“पातळी उतरतेय, ते आलं माझ्याकडे,” तो म्हणाला. “म्हशींनी कुठंतरी फाडलेली दिसतेय. आज तलाई रिकामी करून बघतोय.”

मी रिक्षा करून गेलो. पंपाने तलाईचे पाणी उपसून टँकर भरणे चालू होते. ते टँकर नव्या रस्त्याच्या दुभाजकातल्या कण्हेरीला पाणी घालायला जात होते. कण्हेरीच्या त्या पट्ट्याला कंपनी हरित पट्टा म्हणत असे. शेणाचे पाणी आहे, झाडांना चांगले, असे टँकरवाल्याने मला समजावले. दूधवाला आमच्या घरून अजून परतला नव्हता. त्याची शहरातली बाकीची घरे राहिली होती.

तलाईच्या मधोमध, चिखलात, इंजिनिअर उभा होता. माणसे माती बाजूला सारत होती. काळ्या शीटला म्हशीच्या खुराने पाडलेली फट सापडली. दोन वीत असेल. तिच्या कडा आत दुमडल्या होत्या आणि उरलेले पाणी तिथून, अगदी शांतपणे, खाली जात होते.

“राहू द्या ती,” मी म्हणालो. “तुम्ही कापणार होतात, ते झालंय.”

“काका...”

“तुम्हाला काही करायचंसुद्धा नाही. फक्त माती परत टाका.”

तो फटीकडे पाहत होता. “निवड झाली आपली,” तो म्हणाला. “काल कळवलं त्यांनी. आता हे मॉडेल आहे. आणखी गावांत अशाच तलाया करायच्यात. आणि पहिलीच गळते असं झालं तर...”

“गळली तरच विहिरीला पाणी येतं, हे तुम्ही स्वतः पालथे पडून पाहिलंत.”

“पाहिलं ना,” तो म्हणाला. “मी कुठं नाही म्हणतोय?”

एवढेच बोलणे झाले. तो वाकला, बाहीने शीटवरचा चिखल पुसला, जागा कोरडी केली, आणि माणसांना ठिगळ आणायला सांगितले. ठिगळ गरम करून चिकटवतात. चिकटवून झाल्यावर त्याने सवयीने त्याच्यावर टाच ठोकून पाहिली. काम चोख झाले होते. दुपारी बोअर चालू करून तलाई परत भरायला घेतली. ऊन चांगले होते, पंप थांबला नाही.

तलाई भरली तेव्हा विहिरीत ओलही उरली नव्हती. गावातली एक बोअरही त्याच आठवड्यात बंद पडली. दूधवाला कंपनीच्या कचेरीत गेला, सरपंचाकडे गेला. सरपंच म्हणाले, पुरस्कार गावाला मिळाला आहे, आत्ता गडबड नको. मी माझ्या जुन्या वर्तमानपत्राला मजकूर पाठवला. जयपूरच्या तळ्याचे मराठी वाचकाला काय, असे तिथल्या माणसाने विचारले. त्याच्या जागी असतो तर मीही तेच विचारले असते. इथल्या एका हिंदी वर्तमानपत्रात पुरस्काराची बातमी पहिल्या पानावर आली, म्हशींच्या फोटोसकट. फोटोत दूधवाल्याचा हात दिसत होता, पाणी उडवणारा.

पाऊस दोन आठवड्यांवर होता. म्हशी विकायला थोडे थांबा, असे बायको त्याला म्हणाली.

“पाऊस आला तरी तो तिच्यातच पडणार, मैडम जी,” तो म्हणाला. “तिच्यातून बाहेर थोडाच येणार?”

म्हशी बस्सीच्या बाजूच्या एका माणसाने नेल्या. दूधवाला त्या दिवशी आमच्याकडे आला, कॅन न घेता. आमची दुधाची किटली त्याच्याकडे राहिली होती, ती घासूनपुसून परत करायला. त्यानंतर तो आला नाही. आम्ही पिशवीचे दूध घेऊ लागलो.

भाद्रपदात मंडळाच्या बैठकीत मी विसर्जन तलाईत नको म्हणालो. विहिरीची सगळी गोष्ट सांगितली. लोकांनी ऐकून घेतले. विम्यातल्या एका बाईंना वाईट वाटले. मग सुभेदार म्हणाले, “बाप्पाला परत टाकीत घालायचा का? तेवढं सांगा.” हात वर झाले. इंजिनिअर त्या बैठकीला होता. तो खुर्च्या आवरत राहिला.

आम्ही घरचा गणपती घरीच बादलीत विसर्जित करायचा ठरवले होते. पण मंडळाच्या मूर्तीबरोबर जायला माणसे कमी पडत होती, सुभेदारांनी दोनदा फोन केला, आणि आम्ही गेलो. तलाई भरलेली होती. कठड्यांना हिरव्या पताका लावल्या होत्या. फाटकाशी नव्या फलकावर एक मोठे छायाचित्र होते: स्थानिकांना रोजगार. छायाचित्रातला माणूस चकाकत्या पट्ट्यांचे हिरवे जाकीट घालून फलकाखालीच उभा होता. डोक्याला गमछा नव्हता, टोपी होती. गळ्यात शिट्टी.

“आओ भाईसाब, आओ मैडम जी,” दूधवाला म्हणाला. “चप्पल इथं काढा. आत न्यायची नाही.”

 बायकोने त्याच्या मुलांची चौकशी केली. तो ठीक म्हणाला. भावापेक्षा आपली नोकरी बरी, मोकळ्या हवेतली, असेही म्हणाला. दिवसभराचे काम विचारले तेव्हा त्याने फाटकाकडे हात केला.

“म्हशी येतात ना गावच्या. अजून येतात. त्यांना हाकलायचं.” पुढे म्हणाला, “माझ्या शिट्टीला ऐकत नाहीत. आवाज ओळखतात. मग नावानं हाका मारून परत पाठवतो.”

ढोल जवळ आला. मूर्ती घेऊन लोक घाटाकडे निघाले. तो आमच्याबरोबर दोन पावले चालला.

“दूध कुठलं घेता आता?”

“पिशवीचं,” बायको म्हणाली.

“कसं आहे?”

“पातळ आहे, भैया.”

तो हसला, पूर्वी दारात हसायचा तसा. “असणारच. त्यांच्याकडे पाणी आहे.”

तेवढ्यात पलीकडच्या बाजूने, पायऱ्या सोडून, छावणीतला एक तरुण मूर्ती डोक्यावर घेऊन दगडांवरून सरळ पाण्यात उतरू लागला. त्याच्या पायाखाली, वीतभर मातीच्या आत, शीट होती. फाटली असती. दूधवाल्याने ते पाहिले. मीही पाहिले, आणि तो काय करतो याची वाट पाहत राहिलो.

त्याने शिट्टी तोंडात धरली आणि फुंकली. आमच्या दारात तो तोंडाने वाजवायचा त्यापेक्षा ती कितीतरी कर्कश होती. ढोल थांबला. “पायऱ्यांवरून!” तो ओरडला. “इकडून नाही, साब! पायऱ्यांवरून!” तरुण ओशाळला, मागे फिरला आणि पायऱ्यांकडे आला. इंजिनिअरने पाण्यातूनच दूधवाल्याला अंगठा वर करून दाखवला.